बूथ बंद होता तेव्हा खोकलाही बंद होता

गाड्यांना रंग मारायचं काम मी चौदा वर्षं केलं. लांबी भरणं, घासकाम, प्रायमर, बेस, क्लिअर, सगळं. पहिली तीन वर्षं नुसतं घासलं, मग हातात रंग फवारायची गन आली. हे आधी सांगतोय कारण गन हातात आल्यावर जवळजवळ नऊ वर्षं मला काहीही झालं नव्हतं, आणि तेच मला सगळ्यात जास्त नडलं. "इतकी वर्षं काही नाही झालं, आता कसं होईल" हे मी डॉक्टरला म्हणालो, मालक मला म्हणाले, उस्ताद म्हणाले, आणि प्रत्येकाला ते पटलं पण.

सुरुवात खोकल्याने झाली. दिवसा नाही, रात्री. अडीच-तीनच्या सुमाराला जाग यायची, छातीवर कुणीतरी पालथा हात ठेवून दाबल्यासारखं वाटायचं आणि मग कोरडा खोकला, अर्धा पाऊण तास. सकाळी उठून कामावर जायचो तेव्हा ठीक. बूथमध्ये, म्हणजे रंग मारायच्या बंद खोलीत, गन चालवताना तर एकदम ठीक. त्यामुळे कामाचा आणि याचा संबंध डोक्यात येणार कसा? धुराने ठसका लागतो तो लगेच लागतो, मिरचीची फोडणी लगेच नाकात जाते, आपल्याला तसंच माहीत असतं. दुपारी मारलेला रंग रात्री अडीचला छातीत येऊन बसतो हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

पहिल्या डॉक्टरनी खोकल्याचं औषध दिलं. दुसऱ्यांनी छातीचा एक्स-रे काढला, स्वच्छ आला, धुळीची अ‍ॅलर्जी असेल म्हणाले आणि उशी बदलायला सांगितली. तिसऱ्यांनी विचारलं, आडवं झाल्यावर होतं ना, मग अ‍ॅसिडिटी आहे, पोटातलं वर येतं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवा आणि सकाळी उपाशीपोटी ही गोळी घ्या. विटा ठेवल्या, गोळी घेतली, आणि चौथ्या दिवशी खोकला खरंच कमी झाला, आठव्या दिवशी गायब. मी सगळ्यांना त्या डॉक्टरचं नाव सांगत सुटलो.

आता यातली गंमत अशी की त्याच आठवड्यात आमच्या बूथच्या ब्लोअरची मोटार जळली होती. नऊ दिवस बूथ बंद. सगळे पेंटर नुसते लांबी आणि घासकामावर. मोटार आली, बूथ सुरू झाला आणि तिसऱ्या रात्री खोकला परत हजर. तरी मी गोळीच बदलून मागितली. डोळ्यासमोरची गोष्ट होती आणि दिसली नाही ती नाहीच.

मग एका रात्री श्वासाबरोबर शिट्टी वाजायला लागली, बायको म्हणाली अहो हे काही अ‍ॅसिडिटीचं नाही, उठा. इमर्जन्सीत नेलं, वाफेचा मास्क लावला, वीस मिनिटांत छाती मोकळी. तिथे रात्रपाळीला एक पोरगेलासा डॉक्टर होता, झोपेने डोळे लाल झालेले. त्याने फॉर्म भरता भरता विचारलं, "काम काय करता?"

म्हणालो गाड्यांना रंग मारतो. त्याचा पेन थांबला. "हार्डनर मिसळून मारायचा रंग?" हो म्हणालो, टू-के. "सुट्टीच्या दिवशी बरं असतं का?"

तेव्हा मला ते नऊ दिवस आठवले.

चार डॉक्टर, आणि हा प्रश्न फक्त चौथ्याने विचारला. नंतर कळलं की हा प्रश्न काही नवा नाही, इटलीत मोडेना गावी रामाझिनी नावाचे वैद्य होते, त्यांनी १७०० साली लिहून ठेवलंय की पेशंटला इतर जे काही विचारता त्यात धंदा कोणता हेही विचारा. त्यांच्या घरचा मैलाखड्डा उपसायला आलेला माणूस जीव खाऊन घाईघाईने काम करत होता, यांनी विचारलं एवढी घाई कशाला, तर तो म्हणाला यात फार वेळ राहिलं की डोळे जातात. तिथून त्यांना हा नाद लागला म्हणतात. सव्वातीनशे वर्षं झाली त्याला. मी पहिल्या तिघा डॉक्टरांना फार दोष देत नाही, मी स्वतःहून कुठे सांगितलं होतं. पण फॉर्मवर "व्यवसाय" असा रकाना तिन्हीकडे होता, मी तिन्हीकडे "नोकरी" लिहिलं होतं आणि तिघांनाही तेवढं पुरलं.

त्या पोराने चिठ्ठी देऊन मला कामामुळे होणाऱ्या आजारांच्या ओपीडीत पाठवलं. अशी वेगळी ओपीडी असते हेच मला माहीत नव्हतं. तिथल्या मॅडमनी आधी फुंकायची मोठी टेस्ट केली, स्पायरोमेट्री, आणि रिपोर्ट नॉर्मल आला. मी खूश. मॅडम म्हणाल्या, तुम्ही गेले सहा दिवस रजेवर आहात, नॉर्मलच येणार. कामावरून आल्या आल्या केली असती तर वेगळी दिसली असती. दम्याची हीच खोड, तपासायला जावं तेव्हा तो घरी नसतो.

म्हणून मग ती वही. प्लॅस्टिकची एक नळी मिळते, पीक फ्लो मीटर, आत काटा असतो, जोरात फुंकलं की काटा सरकतो आणि मिनिटाला किती लिटरच्या वेगाने हवा बाहेर पडली ते दिसतं. हे दोन तासांनी एकदा, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, चार आठवडे. प्रत्येक वेळी उभं राहून तीन फुंका, त्यातली मोठी लिहायची, आणि पहिल्या दोन मोठ्या फुंकांत वीसपेक्षा जास्त फरक असेल तर अजून एक. शेजारी लिहायचं की त्या वेळी काम चालू होतं का, कोणतं, दम्याचा पंप घेतला का. दोन आठवडे घरी, दोन आठवडे कामावर. मॅडमना मला परत कामावर पाठवणं मनातून आवडत नव्हतं हे दिसत होतं, पण त्या म्हणाल्या तुमच्या सांगण्यावर मी विश्वास ठेवते, कागद ठेवणार नाही. अट घातली, पंप खिशात, आणि आकडा ३०० च्या खाली गेला की त्याच क्षणी काम बंद करून इकडे यायचं.

वही लिहिणं फार कंटाळवाणं असतं. चौथ्या दिवशी मला वाटलं रात्री एकदम बसून दिवसभराचे आकडे भरावेत, कोण बघतंय. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की मनाने भरलेली वही ओळखू येते, खरे आकडे वेडेवाकडे असतात आणि खोटे शहाण्यासारखे ओळीत उभे राहतात. त्या भीतीने नीट भरली.

घरच्या दोन आठवड्यांत माझा आकडा ४९० ते ५२० मध्ये होता. सकाळी जरा कमी, दुपारी जरा जास्त, तेवढं सगळ्यांचंच असतं म्हणे. मग कामावर गेलो. पहिला दिवस, सकाळी ५१०, संध्याकाळी सुटताना ४८०, रात्री अकराला ४३०. दुसऱ्या दिवशी उठलो तोच ४७० ला आणि रात्री ३९०. तिसऱ्या दिवशी अजून खाली. चौथ्या दिवशी गनचं काम फारसं नव्हतं, मास्किंग, म्हणजे कागद-पट्टी लावून झाकायचं कामच जास्त, म्हणून जरा सावरलो. मधे सुट्टीचा एक दिवस, ४२० पर्यंत चढला पण पूर्ण नाहीच. सुट्टीनंतर दुसऱ्या रात्री २९०. दोन आठवडे पूर्ण झालेच नाहीत, फोन केला आणि काम तिथेच थांबलं. परत ५०० दिसायला आठ दिवस लागले, हे मला जास्त लागलं. एका सुट्टीत भरून येत नाही म्हणजे गेली दोन वर्षं मी कधी पूर्ण भरलेलोच नव्हतो.

मॅडमनी ते आकडे कॉम्प्युटरला घातले, कामाचे दिवस राखाडी पट्ट्यात आणि सुट्टीचे पांढऱ्यात. बघायला डॉक्टर लागत नव्हता. राखाडी आलं की रेघ जिन्यासारखी उतरते, पांढरं आलं की चढते.

त्या ओपीडीत मी तीनेक महिने जात होतो आणि बाकावर जे लोक भेटले त्यांनी मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या कागदाने नाही. एक बेकरीवाले काका होते, वीस वर्षं पीठ चाळलं, आता पीठ हवेत उडालं की नाक वाहतं आणि दम लागतो. नुसतं पीठच नाही, पिठात पाव फुलायला जे एन्झाइम घालतात त्याचीही अ‍ॅलर्जी निघाली त्यांना. एक ताई सर्किट बोर्डांवर सोल्डरिंग करायच्या, त्यांना सोल्डरमधल्या राळेच्या धुराने. ही नावं ऐकून मला वाटायचं आपण तरी केमिकलमध्ये होतो, यांना पिठाने आणि राळेने! मॅडम म्हणायच्या मोठ्या वयात नव्याने दमा सुरू होणाऱ्यांत साधारण १५ टक्क्यांच्या मागे काम असतं, फक्त विचारणारा भेटावा लागतो.

एक मुलगा होता, माझ्यापेक्षा लहान, किचनच्या ओट्यांचे कृत्रिम दगड कापायचा. त्या दगडात सिलिका ९० टक्क्यांपर्यंत असते आणि कोरडी कापली की पिठासारखी हवेत उडते. त्याला दमा नव्हता, सिलिकोसिस होता, फुफ्फुसात वण पडत जातात आणि ते परत जात नाहीत, काम सोडलं तरी वाढू शकतात. ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून असा दगड वापरणं बंदच केलंय. तो मुलगा फार कमी बोलायचा, दोन वाक्यांमध्ये थांबायचा. त्याच्याशेजारी बसून आपल्या वहीतले ४३० आणि ३९० सांगायला मला लाज वाटायची.

एक सिस्टर होत्या, त्यांना सुई टोचली होती, पेशंटला लावून काढलेली. त्यांचं काम सगळ्यात नियमाने चाललं होतं, टोचल्याबरोबर साबण-पाण्याने धुतलं, लगेच कळवलं, ७२ तासांच्या आत सुरू करायची असतात ती एचआयव्हीची औषधं काही तासांतच सुरू केली आणि २८ दिवस घेतली. एचआयव्हीचा धोका अशा टोचण्यात हजारात तीनच्या आसपास असतो, त्यांना तो आकडा पाठ होता, तरी झोप लागत नव्हती.

पण मला सगळ्यात आठवतो तो प्रेसवरचा माणूस. उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. त्याच्या मशीनला दोन बटणं होती, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येणार, म्हणजे हात आत राहूच नयेत. प्रॉडक्शन वाढवायला एक बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवलं होतं. तो ओपीडीत हाताच्या ताकदीच्या तपासणीला यायचा. मी त्याला माझी वही दाखवली तर तो म्हणाला, "आपलं बरं भाऊ, दिसतं तरी. तुझं कोण मानणार?"

हे त्याने हसत म्हटलं होतं पण खरं होतं. त्याच्या अपघाताला तारीख होती, वेळ होती, बघणारे चार जण होते, जमिनीवर रक्त होतं. माझ्याकडे काय होतं? कधी सुरू झालं ते मलाच धड सांगता येत नव्हतं. दुखापत कामावर होते, आजार घरी येऊन होतो, अंथरुणात, रात्री, आणि बघणारी फक्त बायको. मालकांना सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न, "घरात कुणाला दमा होता का?" दुसरा, "बाकीच्यांना का नाही झाला?" प्रश्न वाईट मनाने नव्हते, पण मी तिथे बसून स्वतःच्या आजोबांचा खोकला आठवायला लागलो, जणू मीच आरोपी.

बाकीच्यांना का नाही याचं उत्तर मॅडमनी दिलं. हा विषासारखा प्रकार नाही की जितकं जास्त तितकं सगळ्यांना. शरीर कधीतरी एकदा त्या गोष्टीला शत्रू मानायला लागतं, कुणाचं महिन्यांत, कुणाचं वर्षांनी, कुणाचं कधीच नाही. आणि एकदा मानलं की मग अगदी थोडंसं पण पुरतं, आधी जे चालत होतं त्याच्या कितीतरी कमी. म्हणून "नऊ वर्षं काही झालं नाही" याला काडीचा अर्थ नाही.

त्यांनी मला हार्डनरच्या डब्याचा सेफ्टीचा कागद आणायला लावला. स्टोअरमध्ये मागितला तर तो आहे हेच कुणाला माहीत नव्हतं, शेवटी रंग पुरवणाऱ्याकडून आला. त्यात नाव होतं हेक्झामिथिलीन डायआयसोसायनेट. ते वाचून बायकोने आधी सायनाइड वाचलं आणि मग म्हणाली भोपाळचं तेच का हे? ते नाही. १९८४ ला भोपाळमध्ये सुटलं ते मिथाइल आयसोसायनेट, आडनाव एक पण ते झटकन वाफ होऊन उडणारं, तिथे एका रात्रीत हजारो माणसं गेली. आमचं हार्डनरमधलं तसं उडत नाही, पण गनमधून त्याचा धुक्यासारखा फवारा झाला की श्वासात जातंच. कागदावर स्पष्ट छापलेलं, श्वासातून गेल्यास दमा होऊ शकतो. आणि डब्यावर लाल चौकटीत चित्र, माणसाच्या छातीत चांदणी फुटलेली. तो डबा मी अकरा वर्षं रोज उघडत होतो. मला वाटायचं तो कंपनीचा मार्का आहे.

मास्कचं पण तसंच. मी सुरुवातीला कोळशाची डबी लावलेला अर्धा मास्क वापरायचो आणि थिनरचा वास यायला लागला की डबी बदलायची असं आम्हाला शिकवलेलं. पण वास थिनरचा असतो. आयसोसायनेटचा वास येईल एवढं हवेत असेल तर केव्हाच उशीर झालेला असतो, म्हणजे नाकाला विचारून चालायचं नाही. म्हणूनच बाहेरची स्वच्छ हवा पाइपने आत देणारा मास्क लागतो. तो आमच्याकडे नंतर आला होता हो! मी तो वापरत पण होतो. मग?

मग हे, की क्लिअरचा शेवटचा हात मारून झाला की प्रत्येक पेंटर एक गोष्ट करतो. मास्कची काच वर करतो आणि वाकून लाइटच्या उजेडात तिरकं बघतो, कुठे ओघळ आलाय का, संत्र्याच्या सालीसारखं दाणेदार झालंय का. काचेवर रंगाचे शिंतोडे असतात, त्यातून दिसत नाही. उस्ताद तसंच बघायचे, मी त्यांचं बघून शिकलो.

ओपीडीचं पत्र गेल्यावर मालकांनी सेफ्टीचा माणूस बोलावला, तो स्टेजवर धूर सोडतात तसलं मशीन घेऊन आला. बूथ धुराने गच्च भरला, ब्लोअर चालू केला आणि घड्याळ लावलं. आम्ही सगळे काचेबाहेर उभे. दोन मिनिटं झाली, आत गाडी दिसेना. चार झाली, आकार दिसला. सहा मिनिटं वीस सेकंदांनी तो म्हणाला, आता साफ. आणि वळून विचारलं, गन बंद केल्यावर काच किती वेळाने वर करता? कुणी काही बोललं नाही. उस्ताद खाली बघत होते. अर्धं मिनिट, फार तर.

त्यानेच सांगितलं की गन थिनरने धुताना बाहेर उघड्यावर फवारा उडवता तेव्हाही तेच नाकात जातं, आणि हार्डनर हातावर सांडू द्यायचा नाही, कातडीतूनही शरीराची खोड सुरू होऊ शकते असं मानतात. आता बूथच्या दाराला टायमर आहे, सात मिनिटांचा, आणि पेंटरांची कामावरून सुटताना लघवीची तपासणी होते, मास्क खरंच काम करतोय का हे त्यातून कळतं. हे सगळं माझ्यानंतर. माझ्या उपयोगाचं नाही, कारण मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं की पंप ओढून गन चालवत राहणं हा मार्गच नाही, एखाद्या रात्री पंप पुरणार नाही. कामापासून लांब गेलेल्यांत साधारण एक तृतीयांश पूर्ण बरे होतात, जितकं लवकर सोडावं तितकं चांगलं, आणि मी तीन डॉक्टर आणि चार विटा यात दोन वर्षं घालवली होती.

गन सोडायला मला त्रास झाला, ते इथे फार लिहीत नाही. हात चालतो, डोळा चालतो, फक्त छाती नाही म्हणते. आता मी समोरच्या वेगळ्या इमारतीत बसतो, गाडी आली की कुठे किती ठोकलीय, किती पॅनल रंगवावे लागतील याचा अंदाज काढतो. वही कोणी मागत नाही तरी लिहितो, सकाळ-रात्र. ५०० च्या आसपास असतो, सकाळ-संध्याकाळचा पंप चालू आहे.

मागच्या महिन्यात एका गाडीची चावी द्यायला बूथपर्यंत गेलो. दार बंद होतं, मी बाहेरच होतो, उस्तादांशी जरा बोलत थांबलो, दहा मिनिटं असतील. त्या रात्री वहीत ४१०. दुसऱ्या दिवसापासून उस्ताद चावी न्यायला स्वतः समोर येतात, खिडकीतून घेतात.